लागेल तेवढेच

आटोपशीरपणा हा गुण हल्ली फारसा कुणाला रुचेनासा झाला आहे. लग्नाच्या पंगतीत पदार्थ मोजता मोजता जेवायचेच राहून जाते. टीव्हीवरची मालिका सुरू होते तेव्हा रांगणारे मूल ती संपेपर्यंत शाळेत जाऊ लागते. समारंभात आभार मानायला उभा राहिलेला गृहस्थ तर प्रमुख पाहुण्यांपेक्षा हमखास जास्त बोलतो. याउलट एखादी गोष्ट वेळेवर संपली, की संपवणाऱ्याने हात आखडता घेतला असावा अशी शंका आपल्याला येते. "एवढंच?" हा प्रश्न आपण विचारतो तेव्हा त्यात कौतुक क्वचितच असते.

मी मात्र आटोपशीर मंडळींचा पक्षपाती आहे. पस्तीस वर्षे सरकारी नोकरीत पूल आणि मोऱ्या बांधण्यात घालवलेल्या माणसाने असे म्हणावे याचे माझ्या मित्रांना नवल वाटते. कारण सरकारी काम थोडक्यात आटोपते असा कुणाचाच अनुभव नाही. त्यातून मी माझ्या बाजूने एका व्हिडिओ गेमचा दाखला देऊ लागलो, म्हणजे तर ते माझ्याकडे काळजीने पाहू लागतात. पंच्याऐंशीचा म्हातारा आणि व्हिडिओ गेम! पण वाचकहो, तो खेळ मी पहिल्या डावापासून शेवटच्या डावापर्यंत खेळलो आहे, आणि तितका बांधेसूद खेळ पत्त्यांतही माझ्या पाहण्यात नाही.

२००९ च्या एप्रिलात आम्ही दोघे, म्हणजे मी आणि सौ., लेकीकडे कॅलिफोर्नियात गेलो. विमानतळावरच्या अधिकाऱ्याने पासपोर्टवर सहा महिन्यांचा शिक्का मारला. अमेरिकेत मुलांकडे जाऊन राहिलेल्या आईबापांना ठाऊक असेल, की पहिला महिना सगळे पाहण्यात जातो, दुसरा तेच पुन्हा पाहण्यात जातो, आणि तिसऱ्या महिन्यापासून माणूस खिडकीशी बसून पोस्टमनच्या गाडीची वाट पाहू लागतो. तिच्यात आपले एकही पत्र नसते तरी! लेक आणि जावईबापू सकाळी मोटारीने जात ते दिवेलागणीला परत येत. घरात उरत असू आम्ही दोघे आणि उन्हाळ्याची सुट्टी लागलेला नऊ वर्षांचा नातू.

या नातवाकडे 'वी' नावाचे यंत्र होते. निन्टेन्डो या जपानी कंपनीने ते २००६ साली बाजारात आणले. ही कंपनी १८८९ साली क्योतो शहरात सुरू झाली ती पत्ते तयार करण्यासाठी, असे जावईबापूंनी सांगितले, आणि माझ्यासारख्या पत्त्यांच्या षौकिनाला त्या यंत्राविषयी एकदम आपुलकी वाटू लागली. यंत्र म्हणजे जाडसर पोथीएवढी पांढरी पेटी. ती टीव्हीला जोडायची आणि हातात रिमोट घेऊन पडद्यावर नेम धरायचा. बोटांची फारशी कसरत नाही. मोतीबिंदू काढलेल्या आणि गुडघे धरलेल्या माणसालाही जमावे असे ते काम होते.

एका दुपारी नातवाने नवा खेळ लावला आणि त्याचे नाव मोठ्याने वाचले, "वर्ल्ड ऑफ गू!"

सौ. कोथिंबीर निवडत होती. तिचा हात थांबला. "काय म्हणालास?"

नातवाने निरागसपणे पुन्हा सांगितले. इंग्रजीत त्या शब्दाचा अर्थ चिकट, लिबलिबीत पदार्थ एवढाच आहे. परंतु मराठी घरात जेवणखाणाच्या आसपास तो उच्चारता येत नाही, हे सुज्ञ वाचकांना सांगायला नको. अमेरिकेत वाढलेल्या त्या पोराला ही अडचण समजावून सांगण्याचे काम माझ्याकडे आले. ती समजली तेव्हा तो गालिच्यावर गडाबडा लोळून हसला, आणि मग संध्याकाळपर्यंत त्याच्या तोंडी दुसरा शब्द नव्हता. शेवटी सौ.ने फर्मान काढले, की या घरात त्या खेळाला 'डिंकाचे गोळे' म्हणायचे. तेच नाव पडले, आणि मीही पुढे गोळेच म्हणणार आहे.

खेळ मोठा गोड आहे. पडद्यावर टपोऱ्या डोळ्यांचे काळे गोळे हुंदडत असतात. त्यांतला एक उचलून बांधकामातल्या दोन गोळ्यांजवळ नेला, की त्याला चिकट तंतू फुटतात आणि तो त्या दोघांना धरून बसतो. झाला एक त्रिकोण. त्याच्याशेजारी आणखी एक गोळा, की आणखी एक त्रिकोण. असे करत गोळ्यांचाच मनोरा रचायचा, नाही तर गोळ्यांचाच पूल. वर किंवा पलीकडे कुठेतरी एका नळीचे तोंड असते. बांधकाम तिथवर पोचले, की मोकळे राहिलेले गोळे त्यावरून तुरुतुरु चढत जातात आणि नळीतून सुर्रकन पसार होतात. किती गोळे पोचले पाहिजेत तो आकडा आधीच सांगितलेला असतो. तेवढे पोचले की डाव जिंकला.

यातली मेख ध्यानात घ्या. जो गोळा बांधकामात लागला तो नळीत जात नाही; तो तिथेच राहतो. सढळ हाताने बांधावे, तर नळीत जायला कुणी उरत नाही. हात राखून बांधावे, तर मनोरा डुलू लागतो आणि बघता बघता कोसळतो. कारण सगळे बांधकाम डिंकाचे, लवचीक! खेळातले सगळे सुखदुःख या दोहोंच्या मध्ये आहे.

चौकोनी चौकट कोपऱ्याला ढकलली तर कलते. तिच्यात एक कर्ण घालून दोन त्रिकोण केले की हटत नाही. घराच्या छपराखालच्या कैच्या आणि रेल्वेचे लोखंडी पूल त्रिकोणांनी भरलेले असतात ते याच कारणाने. शिकाऊ ओव्हरसियरांना हा धडा मी कितीदा तरी फळ्यावर आकृती काढून शिकवला असेन. नातवाला फळा लागला नाही. त्याने घाईघाईने उंच, सडपातळ मनोरा उभा केला, तो झुकला आणि आडवा झाला. पुढच्या खेपेला पोराने आपण होऊन पाया रुंद केला. मी काही बोललो नाही, पण मला फार बरे वाटले.

पहिल्याच प्रकरणातल्या एका डावाचे नाव 'पूल बांधणाऱ्याचे स्तोत्र' अशा अर्थाचे आहे. नातवाने ते वाचले आणि मी खुर्ची पुढे ओढली. आम्ही बांधलेल्या पुलांची उद्घाटने झाली, कोनशिला बसल्या, मंत्र्यांच्या गळ्यात हार पडले. पण बांधणाऱ्याचे स्तोत्र कुणी गायल्याचे मला स्मरत नाही. ते अमेरिकेतल्या कुणाला तरी सुचले होते! डावही नावाला साजेसा आहे. रुंद दरी, आणि एका काठावरून अधांतरी पुढे सरकत जायचे. टोकाला गोळा वाढवला की पूल वाकतो, मग मागे मुळाशी बळकटी आणावी लागते. मी आमच्या खात्याच्या शिस्तीने बांधला: जाड, भरीव, लागतो त्याच्या दुप्पट भक्कम. नळीत जायचा आकडा बरोबर भरला, वर एक गोळा उरला नाही. नातवाने टाळ्या वाजवल्या.

सौ. तीन दिवस नुसती पाहत होती. त्या दिवशी ती म्हणाली, "आणा बघू इकडे."

रिमोट हातात आल्यावर तिने बराच वेळ काहीच केले नाही. नळी कुठे आहे ते पाहिले. आकडा वाचायला लावला. मोकळे गोळे बोटाने मोजले. मग नातवाला म्हणाली, "पलीकडे जायला हवेत ते आधी बाजूला काढायचे रे. उरतील तेवढ्यात पूल."

ही तिची जुनी रीत. गिरगावात दोन खोल्यांत आमचा संसार होता, तेव्हा पहिल्या तारखेला पगाराचे पाकीट हातात पडले की ती आधी भाडे, दूध, मुलीची फी आणि गावी आईला पाठवायचे पैसे वेगवेगळ्या डब्यांत टाकी. राहतील त्या पैशांत महिन्याचा पूल बांधायचा. कधी कधी तो पूल पंचवीस तारखेपर्यंतच पोचे आणि पुढचे पाच दिवस आम्ही अधांतरी असू. मग तांदळाच्या डब्याच्या तळातून एखादी घडी घातलेली नोट निघे. ती तिथे केव्हा गेली, हे मला संसारातल्या अखेरच्या दिवसापर्यंत कळले नाही.

तिचा तो डिंकाचा पूल दिसायला यथातथाच होता. बारीक, वाकडा, एकसारखा डुलणारा. माझ्या हाताखाली कुणी असा नकाशा आणला असता तर मी त्यावर लाल शाईने लिहिले असते. पण पूल नळीला टेकला, आणि गोळ्यांची रांगच्या रांग त्यावरून पळाली. "अगं, हा टिकायचा नाही," मी म्हणालो.

"कायमचा कुठे ठेवायचाय? पोरं पलीकडे गेली की झालं."

तिचे आठ गोळे शिल्लक पडले. या खेळात अशी शिल्लक वाया जात नाही. आकड्यापेक्षा जास्त वाचवलेले गोळे एका मोकळ्या मैदानात जमा होतात, आणि तिथे ज्याने त्याने आपला मनोरा हवा तितका उंच रचावा. आजीच्या शिलकीवर नातवाचा मनोरा रोज वीतभर वर जाऊ लागला.

हा खेळ कुणी रचला असेल, याचे मला कुतूहल वाटले. जावईबापूंनी माहिती काढून दिली. काइल गॅबलर आणि रॉन कार्मेल अशी त्या दोघांची नावे. गॅबलर पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठात शिकत असताना त्याने आणि त्याच्या सोबत्यांनी एक नेम केला होता: एका माणसाने एकट्याने सात दिवसांच्या आत एक खेळ पुरा करायचा. २००५ साली त्या नेमातून गोळ्यांचा एक मनोरा जन्माला आला. पुढे हे दोघे इलेक्ट्रॉनिक आर्ट्स या बड्या कंपनीतली नोकरी सोडून बाहेर पडले आणि त्यांनी 'टूडी बॉय' नावाची आपली चिमुकली कंपनी काढली. कचेरी नव्हती. सॅन फ्रान्सिस्कोत ज्या कॉफीच्या दुकानात इंटरनेट फुकट मिळेल ती त्या दिवसाची कचेरी. गाठीला स्वतःच्या शिलकीतले सुमारे १०,००० डॉलर. चित्रे आणि संगीत गॅबलरचेच. दोन वर्षे खपून १३ ऑक्टोबर २००८ रोजी त्यांनी खेळ बाहेर आणला. म्हणजे आम्ही बसलो होतो तिथून मोटारीने तासाभराच्या वाटेवर हे सारे घडले होते.

हे ऐकले आणि खेळाचा आटोपशीरपणा मला नीट उमगला. त्या दोघांसमोरही तोच डाव होता: गोळे मोजके आणि नळी लांब. म्हणून चार प्रकरणे, शेवटी एक उपसंहार, आणि सगळे डाव मिळून पन्नासही भरत नाहीत. पण त्यांतला एकही भरतीचा नाही. कुठे बांधकाम वर उचलून धरणारे फुगे मिळतात, कुठे लावले तरी पुन्हा काढता येणारे हिरवे गोळे, कुठे ठिणगी लागताच पेटत जाणारे. एका डावात तर सगळी खोलीच गरगर फिरत असते. नवी युक्ती येते, आपण तिला सरावतो, आणि कंटाळा यायच्या आत ती निरोप घेते. पानसुपारी झाल्यावर उठणाऱ्या शहाण्या पाहुण्यासारखी!

आठवडाभरात खेळ संपला. शेवटचा डाव झाला तेव्हा नातवाचा चेहरा उतरला. "एवढाच? माझ्या फ्रेंडकडचे गेम्स महिना महिना चालतात." जावईबापूंनीही, १५ डॉलर दिले होते हो याचे, अशी हळूच आठवण काढली. सौ. म्हणाली, "ताटात वाढलं ते चवीनं खाल्लंस ना? मग हात धू." पुढे त्याच ऑक्टोबरात, खेळाला वर्ष झाले म्हणून, त्या दोघांनी संगणकावरचा खेळ ज्याला जे वाटेल त्या किमतीला देऊ केला. बऱ्याच जणांनी एकच सेंट दिला, असे मुलीने फोनवर सांगितले. त्यावर सौ.चा शेरा असा, की फुकट घेतला असे कुणी म्हणू नये म्हणून दिला असेल!

पण त्या शेवटच्या डावाच्या संध्याकाळी नातवाने आणखी एक प्रश्न विचारला होता. रिमोट खाली ठेवून तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "आजी, पुलात राहिले त्यांचं काय होतं?"

मी उत्तराची जुळवाजुळव करू लागलो. भार, ताण, आधार असे सगळे शब्द माझ्याजवळ तयार होते. सौ. भाजी परतत होती. ती मागे न वळता म्हणाली, "अरे, कुणीतरी मागे राहून दार लावायला नको का?"

गिरगावातून आम्ही कुठेही निघालो, की मी मुलीचा हात धरून आणि ट्रंक उचलून जिना उतरत असे. ही मागे राही. गॅस बघायचा, नळ बघायचा, देवापुढचे निरांजन शांत झाले का बघायचे, आणि कुलूप लावून ते दोनदा ओढून पाहायचे. खाली टॅक्सीवाला कुरकुरे. आम्ही तिघे आगगाडीत बसलो आणि गाडी हलली, की मगच ती पाठ टेकवी. १९९६ साली लग्न होऊन लेक अमेरिकेला गेली तेव्हा विमानतळावरही असेच झाले. सगळी मंडळी परत फिरली तरी ही काचेला हात लावून उभी होती. कुलूप ओढून पाहते आहे, असे मला उगीचच वाटले.

सप्टेंबर लागला तसा लेकीने विषय काढला. "आई, मुक्काम वाढवून मागता येतो. तिथे आता तुम्हा दोघांचं कोण आहे? राहा ना." तिचे म्हणणे खोटे नव्हते. माझ्या मनाने अर्धी वाट चालायला सुरुवातही केली होती. सौ.ने दोन दिवस उत्तर दिले नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "सतरा तारखेला दिवाळी आहे. दिवाळीत घराला कुलूप बरं दिसत नाही." लेक रडली, हसली, आणि पुन्हा रडली. आम्ही ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात निघालो. त्या दिवाळीला आमच्या दारात आकाशकंदील लागला, आणि दोन माणसांपुरता का होईना, फराळ झाला. लागेल तेवढाच.

तो आमचा तिकडचा पहिला आणि शेवटचा मुक्काम ठरला. २०१६ च्या पावसाळ्यात सौ. गेली. दीर्घ आजार नाही, धावपळ नाही. ती गेलीही आटोपशीरपणे. डबे आवरताना तांदळाच्या डब्याच्या तळाशी मला घडी घातलेली नोट मिळाली. ती मी तिथेच ठेवली आहे.

'वी' यंत्रही आता जुन्यात जमा झाले. डिंकाचे गोळे त्या यंत्रासाठी दुकानात तबकडीवर मिळत नसत. ते तारेवरून थेट पेटीत उतरवून घ्यायचे. निन्टेन्डोने ते दुकान ३० जानेवारी २०१९ रोजी बंद केले. इतर यंत्रांवर हा खेळ आजही मिळतो, आणि ऑगस्ट २०२४ मध्ये त्याचा दुसरा भागही आला. पण त्या जुन्या पेटीसाठी तो नव्याने विकत घेण्याची सोय राहिलेली नाही. ज्याच्या पेटीत आहे त्याच्याजवळ आहे.

नातू आता पंचविशीला आला. नोकरीनिमित्त दुसऱ्या गावी एकटा राहतो. दुसरा भाग निघाला तेव्हा त्याने मला आवर्जून फोन केला, आणि गेल्या महिन्यात पुन्हा केला. सामान हलवताना ती पांढरी पेटी त्याच्या हाती लागली होती. त्याने ती टीव्हीला जोडून पाहिली. चालू झाली.

"आजोबा, मी कुठला डाव खेळलो नाही," तो म्हणाला. "नुसतं मैदानात जाऊन बघून आलो. आजीच्या गोळ्यांचा मनोरा अजून आहे. जरासा डुलतोय."

"डुलू दे," मी म्हणालो. "पाया रुंद आहे ना?"

"आहे."

"मग काही करू नकोस. आणि निघताना घराचं कुलूप ओढून बघत जा."

तो हसला. "बघतो, आजोबा. दोनदा."